बिघडलं तर आधी कोणाला?

ज्यांना कामावरून काढायचं ते भिंतीवरून टुकूटुकू बघतायत आणि काढणारे त्यांच्याच समोर चहाचे कप सरकवत बसलेत, असा योग या घराखेरीज दुसरीकडे कुठे यायचा नाही.

भिंत काकांची. म्हणजे भिंत कार्यशाळेच्या वरच्या खोलीची, पण तिच्यावरचा भलामोठा पडदा काकांच्या हट्टाने लागलेला. धाकटीने लिफ्टच्या सॉफ्टवेअरसाठी परदेशातले तीन इंजिनिअर ठेवायचे म्हटलं, तेव्हा काकांनी कपाळाला हात लावला होता. “जो माणूस डोळ्यांना दिसत नाही त्याला पगार? मग भुताखेतांनाही चालू करा की!” काम दिसतं, माणूस दिसायची गरज नसते, हे धाकटीने नाना परींनी सांगून पाहिलं. पण काका पडले तिच्या वडिलांचे सख्खे भाऊ, धंद्यातले भागीदार आणि हेकटपणात दोघा भावांच्या वाटचे एकटे. शेवटी तडजोड झाली. दोन्हीकडचे कॅमेरे दिवसभर चालू, आवाज मात्र बंद. तेव्हापासून काका दुपारचा चहा घेऊन भिंतीसमोर बसत. तिघांची नावं जिभेला वळेनात, म्हणून त्यांनी आपल्या सोयीची पाडली: चष्मेवाली, दाढीवाला आणि मौनीबाबा. दाढीवाल्याच्या टेबलावर एक मांजर यायची. ती दिसली नाही की काका कोणाकडून तरी मेसेज लिहून घेऊन चष्मेवालीला चौकशी करायला लावत. आपण त्यांना बघतो तसे तेही आपल्याला बघतात, हे काकांच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. खरं तर कोणाच्याच शिरलं नव्हतं.

आज त्या भिंतीखाली सगळं घर जमलं होतं. एका बाजूला दादा, घरातला थोरला, खालची लिफ्ट-दुरुस्ती सांभाळणारा. त्याच्यासमोर त्याची बहीण धाकटी, मांडीवर लॅपटॉप आणि चेहऱ्यावर ‘मी आधीच सांगितलं होतं’. मधल्या खुर्चीत दोघांची आई, वहिनीच्या सासूबाई. नवरा गेल्यापासून धंद्यातला मोठा वाटा त्यांच्याकडे, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचा. आणि दाराजवळ वहिनी.

वहिनी म्हणजे दादाची बायको. घरात वहिनी म्हणत म्हणून खालचे मेकॅनिक वहिनी म्हणत, आणि परदेशातले तिघे तर तो हुद्दाच समजत. दाढीवाल्याने एकदा रजेचा अर्ज पाठवला, त्यावर लिहिलं होतं, ‘प्रति, वहिनी, माणसं विभाग’. धाकटी पोट धरधरून हसली होती. वहिनीने मात्र दुरुस्ती केली नाही. लग्नानंतर मिळालेला पहिला हुद्दा, तो कोण सोडतं?

आणि काम तेच होतं तिचं. इथल्या पोरांना शिकवून तयार करावं, की बड्या कंपनीने त्यांना उचलून न्यावं, असं दोनदा झाल्यावर बाहेरच्या देशातली माणसं शोधायचं ठरलं. तांत्रिक परीक्षा धाकटी घ्यायची. ती संपली की वहिनी पडद्यासमोर बसायची आणि आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळ्यांना एकच प्रश्न विचारायची, “काम बिघडलं तर आधी कोणाला सांगाल?” एक पठ्ठ्या म्हणाला, माझं काम बिघडतच नाही. त्याला तिने हात जोडले. दुसरा म्हणाला, आधी दुरुस्त करेन, मग सांगायची गरजच काय? तो तर धाकटीच्या परीक्षेत पहिला आलेला, पण वहिनी अडून बसली. चष्मेवालीने आधी चष्मा काढून पुसला होता. मग म्हणाली, “आधी तुम्हाला. मग लिफ्टमध्ये जो असेल त्याला.” वहिनीने लॅपटॉप मिटला आणि नणंदेला सांगितलं, “धाकटे, ही घे.”

आता त्याच चष्मेवालीवर बालंट आलं होतं.

झालं होतं ते असं. यांचं सॉफ्टवेअर लिफ्टच्या दाराची, मोटरची, दोराची नाडी बघतं आणि काही बिनसायला लागलं की मेकॅनिकच्या मोबाइलवर अलर्ट पाठवतं. कोपऱ्यावरच्या आठ मजली इमारतीच्या लिफ्टचं दार चांगले काही दिवस कुरकुरत होतं. अलर्ट आलाच नाही. मग काल सकाळी ती लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आणि आत होत्या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई. दिवा गेलेला, पहारेकरी जागेवर नाही. मेकॅनिक पोचेपर्यंत बाई आपल्या पिशवीवर बसून होत्या. लागलं काही नाही, पण घरात गेल्या त्या गेल्या, तेव्हापासून खाली उतरल्याच नाहीत. जिना गुडघ्यांना झेपत नाही आणि लिफ्टचं नाव काढलं की त्या दाराला साखळी लावतात.

“मी साधी गोष्ट सांगतो,” दादा म्हणाला. “हे उंटावरून शेळ्या हाकणं बंद करा. माणूस इथे असता तर कॉलर धरून विचारलं असतं. आता कोणाची धरू? भिंतीची?”

“म्हणजे कोणाला ठेवायचं?” धाकटीने विचारलं, जणू माहीतच नव्हतं.

“माझे मेव्हणे आहेत. स्वतःची सॉफ्टवेअरची कंपनी आहे. हाकेच्या अंतरावर राहतात. आत्ता येतीलच.”

“वा! घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं.”

“धाकटे!” सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी वहिनीकडे बघितलं, कारण घोडं वहिनीच्या माहेरचं होतं. एरवी वहिनीनेही नणंदेला दोन शब्द सुनावले असते, पण आज ती जिन्याकडे कान देऊन उभी होती.

“काका, तुमचं काय?” दादाने विचारलं.

काकांनी भिंतीकडे बघितलं. दाढीवाला मान खाली घालून टाईप करत होता, मांजर त्याच्या कोपराला डोकं घासत होती. “माणसं कष्टाळू आहेत,” काका म्हणाले. “मी रोज बघतो. पण शेवटी, दादा म्हणतो तेही खरंय. दुरून डोंगर साजरे.”

“काका! परवा तुम्हीच म्हणालात, पोरं सोन्यासारखी आहेत!”

“परवा लिफ्ट अडकली नव्हती,” काका म्हणाले आणि चहात बघायला लागले.

“मास्तरीणबाईंकडे कोण जाऊन आलं?” सासूबाईंनी विचारलं.

“आई, आधी चूक कोणाची ते ठरू दे. मग जाऊ.”

“तुझे वडील आधी जायचे. लिफ्ट अडकली की ज्याची चूक त्याने आधी त्या माणसाच्या दारात उभं राहायचं, पाना नंतर हातात घ्यायचा.”

“तेच तर म्हणतोय. ज्याची चूक तो परदेशात बसलाय, दारात उभा कोणाला करू?”

धाकटीने लॅपटॉप टेबलावर ठेवला. तिचा आवाज एकदम उतरला. “एक सांगायचंय. त्या इमारतीचे अलर्ट आपोआप बंद झाले नव्हते. चष्मेवालीने बंद केले. मी सकाळी तिला का म्हणून विचारलं, तर म्हणते, वहिनींशी बोलले आहे. त्यापुढे एक शब्द नाही.”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. वहिनीला वाटलं, जमीन दुभंगावी म्हणतात ती हीच वेळ.

कारण चष्मेवाली खरंच बोलली होती. सकाळी कार्यशाळेचं शटर वर जायच्या आधीच तिचा फोन आला. तिच्या खिडकीबाहेर अजून अंधार होता. “वहिनी,” ती म्हणाली, “माझ्या हातून बिघडलंय, म्हणून आधी तुम्हाला सांगते. तुमच्या भावाने मला फोन केला होता. दादांनी नंबर दिला म्हणाला. त्याला या कंपनीचं सॉफ्टवेअर तपासून बघायचं होतं. खोटे अलर्ट मेकॅनिकला जाऊ नयेत म्हणून एक इमारत थोडे दिवस गप्प करून दे, झालं की सांगतो, म्हणाला. मी केली. त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. पण वाटलं, वहिनींचा भाऊ आहे.” मग ती म्हणाली होती, “तो कोणाचा भाऊ आहे हे मी कोणाला सांगितलेलं नाही. ते तुमच्या घरचं आहे. तुम्ही ठरवा.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हा समजूतदारपणा वहिनीला सोसवेना.

“काय बोलली ती तुझ्याशी?” दादाने विचारलं.

तेवढ्यात खाली मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला आणि मेकॅनिकांनी कोणाला तरी रामराम केला. मेव्हणे आले होते.

“सांगते,” वहिनी म्हणाली. “आधी त्याला घेऊन येते.”

कार्यशाळेच्या मागच्या अंगाला एक छोटी लिफ्ट होती. सासऱ्यांनी नव्या मेकॅनिकांना शिकवायला बसवलेली, खालून वर आणि वरून खाली, एवढाच तिचा संसार. वहिनी नवी सून म्हणून आली त्या वर्षी सासऱ्यांनी तिला ती चालवायला शिकवली होती. तिने भावाला आत घेतलं, जाळीचं दार ओढलं, आणि दोन मजल्यांच्या मध्ये आल्यावर लाल खटका खाली केला. लिफ्ट हिसका देऊन थांबली.

“अगं ताई, अडकली की काय?”

“थांबवली. सोन्या, कोपऱ्यावरच्या इमारतीचे अलर्ट तू बंद करायला लावलेस?”

सोन्या तिचा पाठचा भाऊ. तो बटणांकडे बघत राहिला. लहानपणी काच फुटली की असाच दाराच्या कडीकडे बघायचा.

“टेस्टिंग करत होतो. नंतर दुसऱ्या गडबडीत राहून गेलं.”

“राहून गेलं?”

“लिफ्ट नेमकी तेव्हाच बिघडणार हे मला काय स्वप्न पडलं होतं? आणि बंद मी केलेच नाहीत, तिने केले.”

“तुझ्या शब्दावर केले. वर चल आणि तुझ्या तोंडाने सांग. मी बाजूला उभी राहीन.”

“आणि मग मिळेल मला काम?” तो हसला, पण ते हसू धड नव्हतं. “ताई, माझ्याकडची पोरं एकेक करून गेली. आईला माहीत नाही. रोज डबा घेऊन ऑफिसला जातो आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून खातो. हे काम आलं तर परत चार माणसं गोळा करेन. नाही आलं तर शटर खाली.”

वहिनीला हे नवीन होतं. हाच तो, ज्याला कडेवर घेऊन ती शाळेच्या फाटकापर्यंत जायची. “मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? तू इथली थोरली सून, आणि मी...” त्याने वाक्य सोडून दिलं. मग तिचा हात धरला. “माझं नाव घेऊ नकोस, ताई. तिला दुसरीकडे नोकरी मिळेल, हुशार आहे ती. आणि कितीही झालं तरी परकी आहे. मी कोण आहे तुझा?”

“भाऊ आहेस.”

“मग झालं तर.”

झालं कसं? त्या परकीने चूक केली आणि उजाडायच्या आत उठून सांगितली. या आपल्याने चूक केली आणि तिची जागा मागायला आला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावले तर ओरडायचं कोणावर? वहिनीला त्याचा राग आला, आणि त्याच्या डब्याची आठवण होऊन रडूही आलं. तिने खटका वर केला.

“वर पोचलो की आधी तुला बोलायला वेळ देईन,” ती म्हणाली. “तू बोललास तर मी काही बोलणार नाही.”

वर दादाने उठून मेव्हण्यांना खुर्ची दिली. खुर्ची नेमकी भिंतीसमोर. सोन्या बसला, त्याने वर बघितलं, आणि पडद्यावरची चष्मेवाली त्याच्याकडेच बघत होती. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले.

“हे बंद करा ना,” सोन्या म्हणाला. “घरगुती बोलायचंय.” त्याने टेबलावरचा रिमोट उचलला.

“ठेवा तो,” काका म्हणाले. “भिंत माझी आहे.”

सोन्याने रिमोट ठेवला. दादाने प्रस्तावना सुरू केली, मेव्हण्यांचा अनुभव, मेव्हण्यांची माणसं, हाकेचं अंतर. सोन्या माना डोलवत होता. वहिनी त्याच्याकडे बघत उभी होती. बोल रे बाबा, ती मनात म्हणत होती. एवढं एक वाक्य बोल, पुढचं मी सांभाळते. दादाचं बोलणं संपलं. सोन्याने घसा साफ केला.

“मी एवढंच म्हणेन,” तो म्हणाला, “की अशी चूक आमच्याकडे झाली नसती.”

वहिनी दाराजवळून पुढे आली.

“आपण कामावर घेताना सगळ्यांना एक प्रश्न विचारतो,” ती म्हणाली. “हाही काम मागायला आलाय, तेव्हा यालाही विचारते. सोन्या, काम बिघडलं तर आधी कोणाला सांगशील?”

“ताई, माझी मुलाखत घेतेस?”

“हो.”

सोन्या टेबलावरच्या रिमोटकडे बघायला लागला.

“याला उत्तर येत नाही,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि तिने तो कापू दिला. “चष्मेवालीला येतं. तिने सकाळीच मला सांगितलं. अलर्ट तिने बंद केले, माझ्या भावाच्या सांगण्यावरून. ते परत चालू करायला सांगायचं तो विसरला. आणि आज तिच्याच खुर्चीवर बसायला आलाय.”

“ताई!”

“तुला वेळ दिला होता.”

दादा ताडकन उठला. “मी फक्त ओळख करून घ्या म्हटलं होतं! कशाला हात लावा असं म्हणालो नव्हतो.”

“अहो, नंबर तुम्ही दिलात ना? मला न सांगता, धाकटीला न सांगता?” वहिनी नवऱ्याला चारचौघांत कधी असं बोलली नव्हती. दादा परत खुर्चीत बसला.

“चोर सोडून संन्याशाला फाशी देत होता की तुम्ही!” धाकटी म्हणाली, पण लगेच भिंतीकडे वळून तिने दात-ओठ खाल्ले. “आणि ही तरी काय संन्याशीण? कोणी परका फोन करतो आणि ही अख्खी इमारत गप्प करून टाकते? मला विचारायचं नाही? वहिनी, मला नको आता ही. खरंच नको.”

घ्या. आतापर्यंत जी बाजूने भांडत होती तीही उलटली.

“ती कोणाला विचारणार होती, धाकटे? काका तिला परस्पर सांगतात, मांजरीचा फोटो मागव, ती मागवते. तुझे दादा परस्पर सांगतात, अमुक मेकॅनिकला अलर्ट नको, ती काढून टाकते. मी सांगते, मौनीबाबाला बरं नाही, त्याचं तू कर, ती करते. या घरातला कोणीही उठतो आणि तिला काम सांगतो. घरच्या माणसाचा शब्द आला की विचारायचं नसतं, हे तिला आपणच शिकवलं. मग घरच्या माणसाचा भाऊ आला. तिने काय करायचं होतं?”

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. “मांजरीचा फोटो मीच मागवला होता,” ते म्हणाले. “माझं मत बदललं. कोणाला काढायचं नाही.”

“तुमचं मत आहे की पंखा?” दादा पुटपुटला.

“मग आता ऐका,” सासूबाई म्हणाल्या. “कोणाला काढायचं नाही. कोणाला घ्यायचंही नाही. यापुढे त्या तिघांना काम सांगेल फक्त धाकटी, आणि माणसांचं बघेल फक्त वहिनी. बाकीच्यांनी भिंत बघायची. तोंड वापरायचं नाही. काका, तुम्हीसुद्धा. आता मला सांगा, मास्तरीणबाईंकडे कोण जातंय?”

सोन्या उठला. त्याचे कान लाल झाले होते. चहा तसाच होता. “मी जातो,” तो म्हणाला, आणि क्षणभर वहिनीला वाटलं, हा बाईंकडेच जायचं म्हणतोय. तिचा जीव भांड्यात पडला. पण तो दाराकडे वळला. “घरी जातो. आणि आईला सांगतो, की मला आजपासून बहीण नाही.”

तो लिफ्टने गेला नाही, जिन्याने गेला. मोटारसायकल बराच वेळ चालू होईना, किक मारल्याचे आवाज वरपर्यंत येत राहिले. एकदाची ती चालू झाली आणि गेली. वहिनी तिथेच उभ्या उभ्या रडायला लागली. पदराने, हाताने, कशानेच तिने तोंड झाकलं नाही.

मग काकांनाच काय सुचलं कोण जाणे, त्यांनी रिमोट उचलला आणि भिंतीचा आवाज चालू केला. आजवर कधी चालू न झालेला. तिकडची एक खुर्ची करकरली. मांजर ओरडली. आणि मौनीबाबा, ज्याचा आवाज काकांनी जन्मात ऐकला नव्हता, तो इंग्रजीत म्हणाला, “वहिनींना कोणी पाणी द्या.”

धाकटीने ते मराठीत सांगायची गरज पडली नाही. दादा आधीच पाण्याचा पेला घेऊन आला होता. बायकोच्या हातात देताना तो तिच्याकडे बघू शकला नाही. “चुकलो,” एवढंच म्हणाला, तेही पेल्याला.

“मी सामान आवरू का?” चष्मेवालीने विचारलं. तिने सगळं बघितलं होतं. बोलणं ऐकू आलं नसेल, पण कोण उठलं, कोण गेलं आणि कोण रडलं, याला आवाज लागत नाही.

“नाही,” वहिनी म्हणाली. “पण यापुढे माझा भाऊ येवो नाहीतर माझा बाप, धाकटीला विचारल्याशिवाय काडी हलवायची नाही. कळलं?”

“कळलं.” तिने मान हलवली. मग म्हणाली, “वहिनी, मुलाखतीत मी दोन माणसं सांगितली होती. आधी तुम्ही. तुम्हाला सांगून झालं. दुसरं राहिलंय.”

आठ मजली इमारतीच्या लिफ्टचं दार दादाने त्याच दुपारी आपल्या हाताने तपासलं, चार वेळा उघडलं, चार वेळा मिटलं. मगच तो आणि वहिनी वर गेले. बेल वाजवली. वहिनीने मोबाइल छातीशी धरला होता, पडदा बाहेरच्या बाजूला. त्यावर चष्मेवाली केस नीट विंचरून, ताठ बसून होती.

मास्तरीणबाईंनी साखळी न काढताच दार किलकिलं केलं. “लिफ्टवाले?”

“हो बाई,” दादा म्हणाला. “आम्ही माफी मागायला आलोय.”

“आणि ही फोनमध्ये कोण?”

“ही लांब परदेशात असते,” वहिनी म्हणाली. “लिफ्टची खबर देणारी यंत्रणा हिच्या हातात आहे. हिला यायचं होतं. येता येत नाही, म्हणून मी घेऊन आले.”

चष्मेवाली बोलली, वहिनीने मराठीत सांगितलं. की खबर मी बंद केली. की तुम्ही आत असाल हे माझ्या मनात आलं नाही, यायला हवं होतं. की तुम्ही पुन्हा लिफ्टने खाली जाल त्या दिवशी मी पडद्यासमोर बसेन, तुम्ही खाली पोचेपर्यंत उठणार नाही. बाई ऐकत होत्या. साखळी तशीच होती.

“जन्मभर गणित शिकवलं,” त्या म्हणाल्या. “चूक कोणाची विचारलं की पोरं एकमेकांकडे बोट दाखवायची. तीन-तीन जणांनी एकदम हात वर केलेले पहिल्यांदा बघते.” त्यांनी साखळी काढली. “झाले का सगळे? की अजून कोणी आहे?”

दादाने बायकोकडे बघितलं. नाही म्हटलं असतं तर संपलं असतं.

“एक जण राहिलाय,” वहिनी म्हणाली. “माझा भाऊ. सुरुवात त्याच्यापासून झाली. तो आज आला नाही.”

“येईल?”

“माहीत नाही, बाई. पण आलाच कधी, तर त्याच्यासाठी दार उघडा.”

“नाव काय त्याचं?”

माझं नाव घेऊ नकोस, ताई. वहिनीने डोळे पुसले आणि भावाचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. लक्षात राहावं म्हणून बाईंनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.